घर विकणे आहे

पुण्यात वडगाव बुद्रुकला तिसऱ्या मजल्यावर आमचा वन बीएचके फ्लॅट होता. इमारतीला लिफ्ट नाही. १९९६ साली यजमानांनी तो घेतला. ते २०१९ मध्ये गेले आणि त्यानंतर जिन्याचं आणि माझ्या गुडघ्यांचं काही जमेना. धाकटी बहीण वाईला राहते. तिच्या शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्यांची जागा निघाली. मी दोन लाख विसार देऊन बसले आणि उरलेले पैसे डिसेंबर २०२३ अखेर भरायचं कबूल केलं. नाही भरले तर विसार बुडणार. म्हणजे वडगावचं घर त्याआधी विकायलाच हवं होतं.

ओळखीतला एक एजंट घरी येऊन गेला. म्हणाला, "काकू, दोन टक्के. तुम्हाला काही बघायला नको." चाळीस लाखांच्या घराचे दोन टक्के म्हणजे ऐंशी हजार. माझ्या तीन महिन्यांच्या पेन्शनहून जास्त. टपाल खात्यात मी तीस वर्षं फॉर्म तपासले आहेत, तेव्हा म्हटलं, हे आपणच करू. बाल्कनीत पुठ्ठ्याची पाटी लावली, किराणा दुकानात चिठ्ठी चिकटवली, पेपरात छोटी जाहिरात दिली. जाहिरातीत "एजंटांनी फोन करू नये" असं लिहिलं होतं. पहिल्या दिवशी अकरा फोन आले, त्यातले नऊ एजंटांचे!

किंमत ठरवताना शेजाऱ्यांना विचारू नका. शेजारी सांगतात तो आकडा त्यांच्या स्वतःच्या घराच्या आशेचा असतो. मला पंचेचाळीसपासून पन्नासपर्यंत आकडे सांगितले गेले. भाच्यानं नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये आमच्या आणि मागच्या गल्लीतले व्यवहार काढून दिले. इंडेक्स टूवर प्रत्यक्ष नोंदलेली रक्कम असते. आमच्यासारखे दोन फ्लॅट अडतीस आणि एक्केचाळीस लाखांना गेले होते. मी एक्केचाळीस सांगायचे ठरवले. सरकारी रेडी रेकनरचा दरही पाहून ठेवला. किंमत त्याच्या खाली गेली तरी मुद्रांक शुल्क मात्र सरकारी मूल्यावरच भरावं लागतं, आणि फरक दहा टक्क्यांहून जास्त असला तर विकणाऱ्याच्या आयकराचा हिशेबही सरकारी मूल्यावर होतो. टेप घेऊन घर मोजलं. करारनाम्यात ५६० फूट बिल्टअप होतं, आत कार्पेट भरलं ४४०. येणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही आकडे सांगत गेले.

जूनमध्ये एका गृहस्थांशी सौदा ठरला. मला वाटलं, झालं काम. पंधरा दिवसांनी त्यांच्या बँकेच्या वकिलांचा निरोप आला की बाकीच्या वारसांच्या सह्या कुठे आहेत?

मी चक्रावलेच. यजमानांनी सोसायटीत मला नॉमिनी केलं होतं. २०२० मध्ये शेअर सर्टिफिकेटवर माझं नावही चढलं होतं. घर माझं झालं असंच मी धरून चालले होते. पण नॉमिनी म्हणजे सोसायटीनं ज्याच्याशी व्यवहार करायचा तो माणूस, मालकी वारसांचीच राहते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालातही हेच आहे: सोसायटीनं नॉमिनीच्या नावावर हस्तांतर करावं, पण त्यामुळे वारसांचा हक्क संपत नाही. यजमानांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. हिंदू वारसा कायद्यानं मी, मुलगा आणि मुलगी असे तीन सारखे हिस्सेदार. सासूबाई तेव्हा हयात असत्या तर चौथा हिस्सा त्यांचा झाला असता.

त्या गृहस्थांना थांबायला वेळ नव्हता. त्यांनी दुसरीकडे घर घेतलं.

मग मी वकील केला. एजंट नको म्हणजे वकीलही नको, असं समजू नका. वकिलाची फी ठरलेली असते, ती घराच्या किमतीबरोबर वाढत नाही. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक तर तिघांनीही विक्रेते म्हणून सह्या करायच्या, नाही तर मुलांनी माझ्या लाभात हक्कसोडपत्र नोंदवून द्यायचं. नोटरीपुढचा साधा कागद चालत नाही, दस्त नोंदवावाच लागतो. मुलगा बंगळूरला, मुलगी नागपूरला. सारखं सारखं येणं कोणालाच जमणार नव्हतं, म्हणून हक्कसोडपत्र ठरलं. पोटच्या मुलांना "तुमचा हक्क सोडा" असं फोनवर सांगणं किती जड जातं, ते मी इथे सांगत बसत नाही. दोघं जुलैमध्ये आली. सही करून बाहेर आल्यावर मुलगा एवढंच म्हणाला, "आई, बाबांनी दोन ओळींचं मृत्युपत्र का नाही केलं?"

म्हणून सांगते, पाटी लावायच्या आधी कागद लावा. बिल्डरबरोबरचा मूळ नोंदणीकृत करारनामा, त्याची नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकतकराची आणि विजेची ताजी पावती, सोसायटीचं बाकी नसल्याचं पत्र. कर्ज काढलं असेल तर ते फिटल्याचा बँकेचा दाखला. आमची नोंदणीची मूळ पावती देवघराच्या फळीवर, सत्यनारायणाच्या पोथीत सापडली.

सप्टेंबरमध्ये जे जोडपं आलं ते आमच्याच रस्त्यावर भाड्यानं राहणारं. ती नर्स, तो मेडिकल स्टोअरमध्ये कामाला. किराणा दुकानातली चिठ्ठी वाचून आले होते. साडेएकोणचाळीस लाखांवर ठरलं. पण पहिल्या अनुभवानं मी शहाणी झाले होते. म्हटलं, "बसा, चहा घ्या आणि तुमच्या हातात किती पैसे आहेत ते सांगा." हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचारलाच पाहिजे. तीस लाखांच्या वर कर्ज असेल तर बँक किमतीच्या ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त देत नाही. म्हणजे घराचेच सात लाख नव्वद हजार त्यांनी घालायचे. वर मुद्रांक शुल्क. पुण्यात ते सात टक्के, पण घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत. त्यांना हे ठाऊक नव्हतं. तिच्या एकटीच्या नावावर घ्यायचं ठरलं आणि त्यांचे साडेएकोणचाळीस हजार वाचले. तरी शुल्काचे दोन लाख सदतीस हजार आणि नोंदणी फीचे तीस हजार होतेच. एकूण साडेदहा लाखांच्या पुढे. त्यांनी वहीत हिशेब मांडला, दोन दिवसांनी येऊन "जमतंय काकू" म्हणाले. तेव्हा कुठे मी विसार घेतला, तोही चेकनं.

मध्येच एकजण बेचाळीस द्यायला निघाले होते, पण त्यातले बारा रोख. सरळ नाही म्हटलं. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला २०१५ पासून कायद्यानं बंदी आहे. घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे मला.

विसार पावतीत काय लिहायचं? किंमत, मुदत आणि मोडलं तर काय. आम्ही लिहिलं की कर्ज नामंजूर झालं तर विसार पूर्ण परत, त्यांनी उगीच माघार घेतली तर पंचवीस हजार कापून परत. ताबा शेवटचा रुपया आल्यावरच.

सोसायटीला रीतसर नोटीस दिली. सचिव म्हणाले, "वहिनी, आपल्याकडे पद्धत आहे, विकास निधी म्हणून एक लाख." मी २००१ चं सहकार खात्याचं परिपत्रक पुढे ठेवलं. महापालिका हद्दीत हस्तांतर अधिमूल्याची कमाल मर्यादा त्यात पंचवीस हजार ठरवलेली आहे. देणगी म्हणून जास्त उकळता येत नाही. सचिव माणूस वाईट नाही, आजवर कोणी कागद दाखवला नव्हता एवढंच.

नवरात्रात, १८ ऑक्टोबरला, साठेखत नोंदवलं. आधी चलन ऑनलाइन भरलेलं, दुय्यम निबंधकांपुढे दोन्ही पक्ष, फोटो, अंगठे, दोन ओळखदार. तासाभरात बाहेर. त्यांच्या वाट्याची रक्कम त्याच दिवशी बँकेतून आली.

आणि मग खरी कसोटी. दसरा २४ तारखेला. ती मुलगी आदल्या संध्याकाळी आली, "काकू, किल्ली देता? मुहूर्तावर कलश ठेवते, राहायला येत नाही." बँकेचे एकतीस लाख साठ हजार यायचे होते. तिच्या चेहऱ्याकडे बघून हात किल्लीकडे गेलाच होता. पण घरात एकदा पाऊल पडलं आणि कर्ज अडलं तर बाहेर काढायचं कसं? मी म्हटलं, "किल्ली नाही. उद्या तुम्ही दोघं या, कलश माझ्या देखत ठेवा, शिऱ्याचा नैवेद्य मी करते." ती जराशी हिरमुसली. पण आली, पूजा झाली, आणि दुपारी मी त्यांना जिन्यापर्यंत सोडून दार लावून घेतलं.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात बँकेनं माझ्या नावाचा डिमांड ड्राफ्ट काढला. तो हातात पडल्यावर खरेदीखत नोंदवलं, आणि रक्कम खात्यात जमा झाल्याचं पासबुकात बघून मग किल्ली दिली.

आयकराचं थोडक्यात सांगते. घर दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर नफा दीर्घ मुदतीचा. वारशानं आलेल्या घराला मूळ मालकाचे दिवस धरतात. २३ जुलै २०२४ पासून दर साडेबारा टक्के झाला, त्यात महागाईची वजावट नाही. त्याआधी घेतलेल्या घरांसाठी भारतात राहणाऱ्यांना जुन्या पद्धतीनं वीस टक्क्यांचा हिशेब करून जो कमी पडेल तो भरता येतो. विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरं घर घेतलं तर तेवढ्या नफ्यावर सूट आहे. माझ्या वाईच्या जागेनं ते काम केलं. किंमत पन्नास लाख किंवा जास्त असती तर खरेदीदारानं एक टक्का कर कापून भरायचा असता.

इमारतीचं कन्व्हेयन्स झालेलं नसेल, वारसांत वाद असेल किंवा तुम्ही परदेशात असाल, तर मात्र हे एकट्यानं करू नका. दोन टक्के द्या आणि शांत झोपा. माझा खर्च वकिलाची फी, जाहिराती, झेरॉक्स आणि रिक्षा धरून तीस हजारांच्या आत बसला.

२० डिसेंबरला वाईचे पैसे भरले. वडगावचं विजेचं बिल मात्र मार्चपर्यंत यजमानांच्याच नावानं येत राहिलं. ती मुलगी दर महिन्याला त्याचा फोटो पाठवायची, "काकू, काकांचं बिल भरलं." शेवटी मीच महावितरणचा नावबदलाचा अर्ज भरून तिला पाठवला.