कफ परेड ते अंधेरी, व्हाया माले

मालदीवची राजधानी माले. तिला विलिंगिली, गुल्हीफाल्हू आणि थिलाफुशी या बेटांशी जोडणारा ६.७४ किलोमीटरचा सागरी रस्ता भारताच्या मदतीने होतो आहे. १० कोटी डॉलर अनुदान, ४० कोटी डॉलर कर्ज. गंमत अशी, की या कर्जाच्या पैशाला मालेचं तोंडही बघावं लागत नाही.

कर्ज देते एक्झिम बँक. तिचं मुख्यालय मुंबईत, कफ परेडला. ऑगस्ट २०२१मध्ये कंत्राट मिळालं अॅफकॉन्सला. तिचं मुख्यालय अंधेरीत. ठेकेदार झालेल्या कामाचं बिल लावतो, मालदीव सरकार ते मंजूर करतं आणि बँक ठेकेदाराचे पैसे चुकते करते. पैसा मुंबईतल्या मुंबईत फिरतो. मालदीवकडे येतो पूल आणि त्याचा हप्ता. 'लाइन ऑफ क्रेडिट' म्हणतात ती हीच. तिची नेहमीची अट म्हणजे ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्यायच्या. चीनची रीतही फार निराळी नाही. माले आणि विमानतळ जोडणारा, २०१८मध्ये खुला झालेला पूल चिनी अनुदान आणि कर्जातून, चिनी कंपनीनेच बांधला.

मग जेमतेम पाच लाख वस्तीच्या देशाच्या हाती काय उरतं? एक तर बिलावरचा शेरा. काम कच्चं असेल तर 'नामंजूर' लिहिणारा इंजिनिअर मालदीवचा स्वतःचा हवा. तो नसेल तर बाकी सगळं कागदावरच.

दुसरं, परतफेडीची तारीख आणि चलन. मालदीवला डॉलर मिळतात मुख्यतः पर्यटकांकडून, आणि तांदळापासून डिझेलपर्यंत सगळं बाहेरून आणण्यात ते संपतात. २०२४मध्ये गंगाजळी आटली, तेव्हा माले सरकारने मागितली ती सवड. स्टेट बँकेकडच्या ५ कोटी डॉलरच्या रोख्यांना वर्षाची मुदतवाढ मिळाली. ऑक्टोबरात ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांचा चलन-अदलाबदलीचा करार झाला. राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू २०२३मध्ये निवडून आले ते 'इंडिया आउट'च्या लाटेवर. सवड मात्र दिल्लीनेच दिली. यात मला विसंगती दिसत नाही. दोन सावकार असले की दोघांशीही बोलणं चालू ठेवावं लागतं.

जुलै २०२५मध्ये ४,८५० कोटींचं नवं कर्ज ठरलं, तेही डॉलरऐवजी रुपयांत. त्याच वेळी जुन्या कर्जांचा वार्षिक हप्ता ५.१ कोटी डॉलरवरून २.९ कोटींवर आला.