खुनी कोण ते ठाऊक, तरीही झोप नाही!

मैत्रिणींनो, रहस्यकथा म्हटली की आपण काय धरून चालतो? पहिल्या पानावर प्रेत, शेवटच्या पानावर खुनी आणि मधे सगळ्यांवर संशय. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड आईनं वाचलेले, तिच्याकडून हा नाद माझ्याकडे आला. पुढे अगाथा ख्रिस्ती झाली. पण गेल्या महिन्यात वाचनालयात हवं ते पुस्तक मिळेना, म्हणून नाइलाजानं एक भलतंच उचललं. लेखक केइगो हिगाशिनो. हे नाव बाईचं की पुरुषाचं, तेही कळेना! (पुरुषाचं. हे गृहस्थ आधी इंजिनियर होते.) पुस्तक जपानी, इंग्रजीत आलेलं: 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'.

आणि काय सांगू, खून पहिल्याच प्रकरणात होतो, तोही आपल्या डोळ्यांदेखत!

टोकियोतली यासुको जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात काम करते. शाळकरी मुलगी मिसातो आणि ती, दोघींचंच घर. सोडून आलेला नवरा पत्ता हुडकत दारात उभा राहतो, पैशांसाठी. शब्दानं शब्द वाढतो, तो मुलीवर धावून जातो आणि आई हाताशी सापडेल ते उचलते. काय सापडतं, तर 'कोतात्सु'ची वायर! कोतात्सु म्हणजे खाली शेगडी बसवलेलं बुटकं टेबल. थंडीत त्यावर रजई टाकून आत पाय घालून बसायचं. घरातल्या सगळ्यांत उबदार जागेची वायर, बघा.

तेवढ्यात दारावर टकटक. शेजारचे इशिगामी, हायस्कुलात गणित शिकवणारे, रोज सकाळी हिच्याच दुकानातून डबा नेणारे. भिंतीपलीकडून त्यांना सगळं समजलेलं असतं. आता सगळं माझ्यावर सोपवा, असं ते सांगतात.

इथून पुढे आपण खुन्याला शोधत नाही, त्याच्याबरोबर लपतो. इशिगामी रोज संध्याकाळी सार्वजनिक फोनवरून यासुकोला सांगतात, पोलीस काय विचारतील, काय उत्तर द्यायचं. सिनेमाची फाटलेली तिकिटं पोलिसांना सापडतात. पण अगदी समोर मांडून ठेवलेली नव्हेत, सिनेमाच्या पुस्तिकेत राहून गेलेली. पुरावा फार चोख असला की संशय येतो, हे मास्तर ओळखून आहेत. पोलिसांच्या मदतीला येतात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक युकावा, मास्तरांचेच कॉलेजातले दोस्त!

मास्तर परीक्षेत असं गणित घालतात, जे दिसतं भूमितीचं आणि असतं बीजगणिताचं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, गणित नव्हे. पण हा चावटपणा मला ओळखीचा वाटला. तरीही शेवटी फसलेच! कशी, ते सांगणार नाही.

नावांनी मात्र सुरुवातीला गोंधळ होतो. मी वहीच्या मागच्या पानावर यादी करून ठेवली. यासुको सारखी दुसऱ्याच्या सांगण्यानं वागते, याचा मला रागही आला. पण मग वाटलं, भीती पोटात असताना आपण तरी काय करणार? खरी धास्ती पोलिसांची नाहीच. न मागता एवढा उपकार करणाऱ्या माणसापुढे उद्या 'नाही' म्हणायची सोय राहते का? दुसरा एक भला माणूस यासुकोला भेटायला येऊ लागतो आणि शेजारची भिंत एकदम फार पातळ वाटू लागते. त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत जागी होते.

मूळ पुस्तक 2005 सालचं, त्याला जपानचं मानाचं नाओकी पारितोषिक मिळालं. इंग्रजीत ते 2011 मध्ये आलं. 2023 मध्ये त्यावरून हिंदीत 'जाने जान' निघाला, कालिम्पाँगमध्ये घडणारा, करीना कपूरचा. पण आधी पुस्तक वाचा हं.

सासूबाईंना मी ही गोष्ट भाजी निवडताना रोज एक प्रकरण अशी सांगते आहे. त्यांना पोलिसांचं काही पडलेलं नाही. रोज एकच विचारतात, "पण त्या पोरीचं काय होतंय गं?"