हायस्कूलमध्येच कॉलेजची क्रेडिट्स

अमेरिकेत नववी ते बारावी हे हायस्कूल, आणि त्यापुढे चार वर्षांची पदवी. या पदवीसाठी सर्वसाधारणपणे १२० क्रेडिट्स म्हणजेच श्रेयांक जमवावे लागतात. आठवड्याला तीन तास शिकवला जाणारा विषय एका सत्रात पुरा केला की बहुधा तीन क्रेडिट्स मिळतात. यातली काही हायस्कूलमध्येच पदरात पडली, तर वेळ आणि फी दोन्ही वाचू शकतात. त्यासाठी मुख्य मार्ग दोन आहेत.

पहिला मार्ग परीक्षेचा. ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ किंवा ‘एपी’ हे अभ्यासक्रम कॉलेज बोर्ड ही संस्था १९५५ पासून चालवते. कॅल्क्युलस, जीवशास्त्र, अमेरिकेचा इतिहास असे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे विषय हायस्कूलचे शिक्षकच शिकवतात. मे महिन्यात देशभर एकच परीक्षा होते आणि १ ते ५ असे गुण मिळतात. अनेक सरकारी विद्यापीठे ३ गुणांवरही क्रेडिट देतात; निवडक विद्यापीठे ४ किंवा ५ मागतात. वर्षभर वर्गात चांगले गुण असले, तरी क्रेडिट ठरते ते या एका परीक्षेवर.

दुसरा मार्ग ‘ड्युअल एन्रोलमेंट’चा, म्हणजे एकाच वेळी हायस्कूल आणि कॉलेज अशा दोन्हीकडे नाव नोंदवण्याचा. मिनेसोटा राज्याने १९८५ मध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना सरकारी खर्चाने कॉलेजचे विषय घेण्याची मुभा देणारा कायदा केला. वॉशिंग्टन राज्याची ‘रनिंग स्टार्ट’ ही अशीच योजना १९९० च्या कायद्यातून आली. मुले जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजात) जातात, ऑनलाइन शिकतात किंवा कॉलेजने मान्यता दिलेल्या आपल्याच शिक्षकांकडे तो विषय घेतात. इथे संपूर्ण सत्राचे काम मोजले जाते. मात्र मिळालेली श्रेणी कॉलेजच्या कायमच्या गुणपत्रकावर राहते. विषय अर्धवट सोडला किंवा त्यात नापास झाले, तर पुढे प्रवेशाच्या आणि आर्थिक मदतीच्या वेळी ते आड येऊ शकते.

दोन्ही मार्गांत शेवटचा शब्द क्रेडिट स्वीकारणाऱ्या कॉलेजचा असतो. कम्युनिटी कॉलेजची क्रेडिट्स त्याच राज्यातल्या सरकारी विद्यापीठात बहुधा चालतात. खासगी किंवा परराज्यातल्या विद्यापीठात ती नाकारली जाऊ शकतात. डार्टमथ कॉलेजने २०१४ मध्ये दाखल झालेल्या तुकडीपासून एपीला पदवीचे क्रेडिट देणे थांबवले. काही ठिकाणी क्रेडिट मिळत नाही, पण प्राथमिक विषय वगळून वरच्या वर्गात बसता येते.

क्रेडिट मान्य झाले, तरी ते कुठे धरले जाते यावर त्याचा उपयोग ठरतो. मुख्य विषयाच्या सक्तीच्या अभ्यासक्रमात धरले, तर पदवी लवकर पुरी होऊ शकते. नुसत्या ऐच्छिक विषयांत जमा झाले, तर एकूण आकडा वाढतो, पण सक्तीचे विषय तसेच उरतात. म्हणून विषय निवडण्याआधीच इच्छित विद्यापीठाचे क्रेडिटविषयक नियम पाहावे लागतात.