कापड कुणाचं? रोहिंटन मिस्त्री आणि ‘कॅनडाचं साहित्य’



मागच्या व्याख्यानानंतर एक गृहस्थ थांबले होते. त्यांचा मुलगा टोरोंटोजवळ राहतो, उन्हाळ्यात ते त्याच्याकडे जाणार होते. म्हणाले, “जाण्याआधी कॅनडाचं काहीतरी वाचावं म्हणतो. तिथल्या माणसांची जरा ओळख होईल.” आम्ही त्यांना रोहिंटन मिस्त्री यांचा ‘टेल्स फ्रॉम फिरोजशा बाग’ हा कथासंग्रह वाचायला दिला. पंधरा दिवसांनी पुस्तक परत आलं आणि सोबत तक्रारही आली. “सर, यात कॅनडा आहे कुठे? हे तर आपलंच आहे. तेच शेजारी, तीच भांडणं. बर्फ बघायला पार शेवटच्या गोष्टीपर्यंत जावं लागलं!”

तक्रार रास्त आहे. आणि ती नीट तपासली तर आजचा सगळा विषय तिच्यात सापडतो. एखादं पुस्तक एखाद्या देशाचं असतं, म्हणजे नेमकं काय असतं?

आधी माहिती पाहू. मिस्त्रींचा जन्म 1952 सालचा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. सेंट झेवियर्स कॉलेजात गणित आणि अर्थशास्त्र शिकून 1975 मध्ये ते टोरोंटोला गेले. तिथे बँकेत नोकरी धरली आणि नोकरी सांभाळून टोरोंटो विद्यापीठात इंग्रजी आणि तत्त्वज्ञान शिकले. (तत्त्वज्ञान शिकून कुणाचं भलं झाल्याचं हे एक उदाहरण आम्ही जपून ठेवलेलं आहे.) 1983 मध्ये त्यांच्या पहिल्याच कथेला विद्यापीठाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. 1987 मध्ये कथासंग्रह आला. मग तीन कादंबऱ्या: 1991 मध्ये ‘सच अ लाँग जर्नी’, 1995 मध्ये ‘अ फाइन बॅलन्स’, 2002 मध्ये ‘फॅमिली मॅटर्स’. तिन्ही बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत पोचल्या. पहिलीला कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला, दुसरीला गिलर पुरस्कार. कॅनडात साहित्याचे याहून मोठे मान फारसे नाहीत.

आणि या तिन्ही कादंबऱ्या घडतात कुठे? इथे. ‘सच अ लाँग जर्नी’ 1971 च्या युद्धाच्या काळातली मुंबई दाखवते. ‘अ फाइन बॅलन्स’मध्ये शहराचं नाव दिलेलं नाही, नुसतं समुद्रकाठचं शहर म्हटलं आहे, पण ते आपल्याला ओळखायला कितीसा वेळ लागतो! ‘फॅमिली मॅटर्स’ ही 1992-93 च्या दंगलींनंतरची मुंबई. तिच्यात कॅनडा येतो तोही गमतीशीर पद्धतीनं. येझद नावाच्या गृहस्थाला एके काळी कॅनडाला जायचं होतं, पण मुलाखतीत अपमान झाला आणि अर्ज नाकारला गेला. म्हणजे या कादंबरीतला कॅनडा हा न मिळालेला देश आहे.

मग हे कॅनडाचं साहित्य कसं? तीन कसोट्या लावून पाहू.

पहिली कसोटी विषयाची. कॅनडाबद्दल लिहिलं तर ते कॅनडाचं. या कसोटीवर अ‍ॅलिस मन्रो सहज उतरतात. 2013 चं नोबेल मिळवणाऱ्या या बाईंनी ऑन्टॅरिओ प्रांतातली छोटी गावं आयुष्यभर लिहिली. पण मायकेल ओंडात्जे बाहेर पडतात. ते कोलंबोचे, आणि 1992 चं बुकर मिळवणारी त्यांची ‘द इंग्लिश पेशंट’ घडते इटलीत आणि आफ्रिकेच्या वाळवंटात. एम. जी. वसनजीही बाहेर पडतात. केनियात जन्म, टांझानियात बालपण. 1994 चा अगदी पहिला गिलर पुरस्कार त्यांना मिळाला, तो पूर्व आफ्रिकेतल्या कथानकाला. पुढच्याच वर्षी मिस्त्री. तेव्हा विषयाची कसोटी धरली तर कॅनडाला आपले पहिले दोन्ही गिलर परत मागवावे लागतील.

दुसरी कसोटी पारपत्राची. लेखक नागरिक असला की झालं. ही कार्यालयीन कामाला बरी आहे, पुरस्काराच्या अर्जात ती लागतेच. पण 2002 मध्ये काय झालं पाहा. मिस्त्री ‘फॅमिली मॅटर्स’च्या निमित्तानं अमेरिकेत ठिकठिकाणी वाचनासाठी फिरत होते. 11 सप्टेंबरच्या हल्ल्याला जेमतेम वर्ष झालेलं. विमानतळांवर त्यांनाच पुन्हा पुन्हा बाजूला काढून तपासलं जाऊ लागलं. शेवटी त्यांनी उरलेला दौरा रद्द केला. खिशात कॅनडाचं पारपत्र होतं, पण बघणाऱ्यानं चेहरा बघितला. माणसाची ओळख पारपत्रानं पुरी होत नसेल, तर त्याच्या पुस्तकाची कशी होईल?

तिसरी कसोटी भाषेची. ती तर कॅनडात चालणारच नाही. तिथे इंग्रजी आणि फ्रेंच अशी दोन साहित्यं शेजारी शेजारी वाढली, आणि त्या दोघांच्याही आधीपासून तिथल्या मूळ रहिवाशांच्या कितीतरी भाषा आहेत.

कॅनडाच्या समीक्षकांना ही अडचण ठाऊक होती. नॉर्थ्रप फ्राय यांनी 1965 मध्ये असं मत मांडलं की कॅनडाच्या मनाला ‘मी कोण’ यापेक्षा ‘इथे म्हणजे कुठे’ हा प्रश्न जास्त छळतो. मार्गारेट अ‍ॅटवुड यांनी 1972 मध्ये एक सूत्र सुचवलं: तग धरणं. थंडी, अफाट रान आणि शेजारी बलाढ्य अमेरिका, यांत कसंबसं टिकून राहणं हेच कॅनडाच्या साहित्याचं मध्यवर्ती चित्र. पण तोवर देश बदलायला लागला होता. 1967 मध्ये स्थलांतरितांसाठी गुणांची पद्धत आली, म्हणजे वंश न पाहता शिक्षण, भाषा, व्यवसाय पाहून प्रवेश. 1971 मध्ये सरकारनं बहुसांस्कृतिकता हे अधिकृत धोरण म्हणून जाहीर केलं. मिस्त्री गेले ते या उघडलेल्या दारातून.

आता त्या शेवटच्या गोष्टीकडे वळू, जिथे आमच्या गृहस्थांना बर्फ सापडला. तिचं नाव ‘स्विमिंग लेसन्स’. मुलगा टोरोंटोत एकटा राहतो, पोहायला शिकायचा प्रयत्न करतो. इकडे मुंबईत आईवडील त्याच्या पत्रांची वाट बघतात. पत्रं त्रोटक असतात. एक दिवस टपालानं जाडजूड पुडकं येतं. मुलानं गोष्टी लिहिल्यात! दोघं त्या वाचतात आणि त्यांच्यात वाद सुरू होतो. आईला काळजी वाटते: सगळं मुंबईबद्दलच लिहितोय, म्हणजे याला तिथे करमत नाही की काय? वडील समजावतात की लेखक आठवणींवरच काम करतो, त्यात बदल करतो, कल्पनेची भर घालतो. आणि त्यासाठी काळाचं अंतर लागतं.

मंडळी, हा प्रसंग आपल्यापैकी कितीतरी घरांत घडतो. पत्राच्या जागी व्हिडिओ कॉल आला एवढंच. पलीकडे मूल “ठीक आहे, जेवलो” एवढंच बोलतं आणि इकडे आपण त्या दोन शब्दांचा कीस काढत बसतो. आणि बघा, गोष्टीतले लेखकाचे पहिले वाचक कॅनडात नाहीत, मुंबईतच आहेत.

इथे आपल्या दर्शनांतली एक जुनी मांडणी फार उपयोगी पडते. न्याय-वैशेषिक परंपरा कार्याची तीन कारणं सांगते आणि उदाहरण देते कापडाचं. धागे हे समवायी कारण. कापड त्यांच्यातच राहतं, त्यांच्यापासून वेगळं काढता येत नाही. धाग्यांचा एकमेकांशी झालेला संयोग हे असमवायी कारण. आणि माग, धोटा, विणकर ही निमित्त कारणं.

मिस्त्रींच्या पुस्तकांना हे लावून बघा. धागे मुंबईचे, त्याबद्दल वादच नाही. माग कॅनडातला: तिथलं विद्यापीठ, तिथले प्रकाशक, पुरस्कार, वाचक. आणि धाग्यांचा संयोग, म्हणजे वीण? ती अंतरानं घडवली. जे रोज डोळ्यांसमोर होतं ते दूर गेल्यावर वेगळ्या क्रमानं, वेगळ्या ताणानं एकत्र आलं. कॅनडाचा अभ्यासक माग दाखवून म्हणतो, कापड आमचं. आपण धागा ओढून म्हणतो, आमचं. दोघंही एकेक कारण हातात धरून बसलेत. कापड तिन्हीशिवाय होत नाही.

‘अ फाइन बॅलन्स’मध्ये दीना दलाल शिवणकामातून उरलेल्या चिंध्यांची गोधडी करत असते. प्रत्येक तुकड्याला एक आठवण असते. लेखकाच्या कामाचं याहून नेमकं चित्र आम्हाला तरी ठाऊक नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. आणीबाणी लागली जून 1975 मध्ये. मिस्त्री देश सोडून गेले त्याच वर्षी. मग सक्तीची नसबंदी, पाडलेल्या झोपड्या, हे त्यांनी कोणत्या अधिकारानं लिहिलं? जर्मेन ग्रीअर या विदुषी मुंबईत काही महिने शिकवून गेल्या होत्या. 1996 च्या बुकरच्या वेळी त्यांनी जाहीरपणे म्हटलं की या कादंबरीतलं शहर आपल्याला ओळखू येत नाही. आम्हाला वाटतं, हजर असणं हा पुरावा आहे, पण पुरेसा नाही. आपण सगळे त्या काळात इथे होतो. गाड्या वेळेवर धावतात म्हणून खूश झालेली माणसं आपल्याला आठवतात. ईश्वर आणि ओमप्रकाश या दोन दर्जींच्या वाट्याला काय आलं हे आपल्यातल्या कितीजणांनी पाहिलं? आपण हजर होतो आणि तरी पाहिलं नाही. या लेखकानं दूर राहून ते शोधून काढलं. त्याच्या तपशिलात चूक असेल तर जरूर दाखवावी. पण ‘तू इथे नव्हतास’ हे चुकीचं उत्तर नव्हे.

आता 2010. ‘सच अ लाँग जर्नी’ मुंबई विद्यापीठात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतं. शिवसेनेच्या विद्यार्थी शाखेनं आक्षेप घेतला की यात आपल्या पक्षाबद्दल, मराठी माणसाबद्दल अपमानकारक मजकूर आहे. काही प्रती जाळल्या गेल्या आणि विद्यापीठानं पुस्तक अभ्यासक्रमातून काढलं. कोणत्या पक्षाचं बरोबर हा आपला आजचा विषय नाही. आम्ही दोनच गोष्टी सांगू. एक, पात्राच्या तोंडचं वाक्य ही लेखकाची साक्ष नसते. हा भेद शिकवण्यासाठीच तर साहित्याचा वर्ग असतो, आणि नेमका तोच वर्ग बंद झाला. दोन, परक्या पुस्तकावर इतकं कुणी रागावत नाही. ज्यांना राग आला त्यांनी नकळत हे मान्य केलं की पुस्तक आपल्या घरातलं आहे. मग घरातल्या माणसाशी भांडतो तसं भांडावं: आधी त्याचं पूर्ण ऐकून घ्यावं आणि मग बोलावं.

शेवटी आपल्या जेसल पार्कबद्दल. या सभागृहात गिरगाव, लालबाग, परळ सोडून आलेली माणसं किती आहेत ते आम्हाला माहीत आहे. तीस-तीस वर्षं झाली इथे, तरी सकाळची लोकल पकडताना आपण ‘मुंबईला चाललो’ म्हणतो. संध्याकाळी खाडीकाठी बसून चाळीच्या गोष्टी सांगतो, आणि त्या चाळीत राहत असताना त्या आपण कधीच सांगितल्या नव्हत्या. ‘इथे म्हणजे कुठे’ हा फ्राय यांचा प्रश्न समजायला आपल्याला टोरोंटोला जायची गरज नाही.

त्या गृहस्थांना आम्ही काय सांगितलं? “तुम्ही कॅनडाचंच पुस्तक वाचलंत. तिथे गेल्यावर मुलाला विचारा, त्याला इथलं काय आठवतं. तो जे सांगेल ते तुमच्या आठवणीशी जुळणार नाही. लगेच दुरुस्त करू नका.” ते गेले आहेत. परत आले की सांगतील.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी ‘स्विमिंग लेसन्स’पासून करावी. एका बैठकीत वाचून होते. नंतर ‘फॅमिली मॅटर्स’. त्यातला विलास राणे, निरक्षर मजुरांची पत्रं लिहून देणारा, खास लक्ष देऊन वाचा. पुढच्या वेळी आपण तिथूनच सुरू करू. आता प्रश्न घेऊया.