इंडिकेटर म्हणजे हुकूम नव्हे

मिरकरवाड्याच्या बंदरात मासळी उतरली, की पुढची शर्यत रस्त्यावर सुरू होते. बर्फात भरलेली सुरमई नि बांगडा घेऊन टेम्पो-ट्रक हातखंब्याकडे धावतात. तिथे मुंबई-गोवा महामार्ग लागतो. पूर्वीचा सतरा क्रमांकाचा, आताचा सहासष्ट. बर्फ वितळेल तसा मासळीचा भावही उतरतो, त्यामुळे ही घाई समजण्यासारखी आहे. पण त्याच रस्त्यावर गणपतीसाठी गावी निघालेले चाकरमानी असतात, आणि दुचाकीवरून दूध घालणारेही असतात.

कोकणातला ड्रायव्हर तयार झाला तो दुपदरी रस्त्यावर. ओव्हरटेक करायचे तर नजर समोर हवी, हे त्याच्या अंगात मुरलेले, कारण धोका यायचा तो समोरून. २०११ मध्ये पनवेल-इंदापूर टप्प्यापासून चौपदरीकरणाला हात लागला आणि काम रखडत रखडत दक्षिणेकडे सरकले. दुभाजक आला, समोरचा धोका कमी झाला. आता तो मागून आणि बाजूने येतो. रस्ता बदलला, नजरेची सवय मात्र जुनीच राहिली.

जरा हिशेब मांडू. बँकेतली सवय सुटत नाही. मालट्रक ताशी चाळीसने चालला आहे, मागून उजव्या लेनमध्ये मोटार नव्वदने येते आहे. दोघांच्या वेगातला फरक सेकंदाला चौदा मीटर. मोटार पन्नास मीटरवर असताना ट्रक उजवीकडे सरकला, तर ती चार सेकंदांच्या आत त्याला गाठते. लेन बदलायलाच चार-पाच सेकंद लागतात. शिवाय गाडीच्या मागच्या कोपऱ्यालगतची दुचाकी आरशात दिसतच नाही. आणि मासळीच्या गाडीतून सांडलेल्या पाण्याने रस्ता निसरडा झाला असेल, तर ब्रेकवर विसंबून चालत नाही.

आपल्याकडे जड वाहने उजवी लेन अडवतात, म्हणून मोटारी डावीकडून घुसतात. इंडिकेटर लावला की रस्ता आपल्या नावावर झाला, असाही समज आहे. वास्तविक इंडिकेटर म्हणजे मागच्याला विचारलेला प्रश्न. उत्तर मिळेपर्यंत थांबायचे असते. बंदराच्या अरुंद तोंडाशी आलेला तांडेल पुढच्या होडीचा अंदाज घेऊनच आत शिरतो. मासळी त्याच्याकडेही असते, आणि घाई त्यालाही असते.

एवढे करून वाचते काय? चाळीस किलोमीटर ताशी सत्तरने गेलात तर चौतीस मिनिटे, ऐंशीने गेलात तर तीस. चार मिनिटांची बचत! तिच्यासाठी केवढे तारण ठेवतो आपण!

आरसा, इंडिकेटर, पुन्हा आरसा, मान वळवून एक नजर, आणि मग स्टिअरिंग, क्रम एवढाच. गाडीत बसलेल्या बाकीच्यांचेही एक काम आहे. ट्रकच्या मागे दोन मिनिटे अडकले, की “अरे, काढ ना पुढे!” असे कुणीतरी म्हणतेच. या सुट्टीत निदान तेवढे म्हणू नका.