गोळीबाराची चौकशी होते; जबाबदारीचे काय?

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात सकाळ उजाडली तीच डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातल्याच्या संतापजनक बातमीने. रहिवाशांनी आधी पोलिसांकडे धाव घेतली आणि मग वस्तीसमोरच्या पूर्व द्रुतगती महामार्गावर ठाण मांडले. वाहतूक ठप्प झाली. थोड्याच वेळात राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी तेथे दाखल झाली आणि तिचे नेतृत्व करणारे पोलीस उपनिरीक्षक मनोहर कदम यांनी गोळीबाराचा आदेश दिला. या गोळीबारात १० जण मृत्युमुखी पडले, तर २६ जण जखमी झाले. रस्ता अडवणाऱ्या जमावाशी ज्यांचा काहीही संबंध नव्हता, जे वस्तीच्या आत होते, अशांनाही गोळ्या लागल्या.

या घटनेचे पडसाद मुंबईतच नव्हे, तर राज्यभर उमटले. चार दिवसांनी, १५ जुलै रोजी, आंबेडकरी चळवळीतील लोकप्रिय शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंड येथील आपल्या घरी जीवनयात्रा संपवली. पुढे आनंद पटवर्धन यांनी या गोळीबारापासून सुरुवात करून 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट केला. तो पूर्ण व्हायला १४ वर्षे लागली. तेवढ्या काळात या प्रकरणाची चौकशी झाली, अहवाल आला, खटला उभा राहिला आणि शिक्षाही सुनावली गेली. तरीही 'या दहा मृत्यूंना जबाबदार कोण?' हा प्रश्न रमाबाई नगरातील रहिवासी दर ११ जुलैला पुन्हा विचारतात. इतके सगळे होऊनही प्रश्न उरतो कसा, हे समजून घ्यायचे तर गोळीबारानंतरची आपली कायदेशीर व्यवस्था नेमकी कशी चालते, हे पाहावे लागेल.

आदेश देण्याचा अधिकार कोणाला?

बेकायदा जमाव पांगवण्याचा अधिकार १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२९ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली असून, तीच तरतूद आता कलम १४८ मध्ये आहे. कार्यकारी दंडाधिकारी, पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा तो नसल्यास किमान उपनिरीक्षक दर्जाचा कोणताही अधिकारी जमावाला पांगण्याचा आदेश देऊ शकतो आणि जमाव न पांगल्यास बळाचा वापर करू शकतो. म्हणजेच ज्या निर्णयावर माणसांचे जीव अवलंबून असतात, तो निर्णय कायद्याने थेट फौजदाराच्या हाती दिला आहे.

अर्थात हा अधिकार अमर्याद नाही. बळाचा वापर प्रसंगाच्या गरजेपुरताच असावा, हे तत्त्व न्यायालयांनी वारंवार अधोरेखित केले आहे. आधी स्पष्ट इशारा, मग लाठीमार, अश्रुधूर आणि अन्य कोणताच उपाय उरला नाही तर गोळीबार, तोही कमरेखाली आणि जमाव मागे हटू लागताच थांबवायचा, असा पोलिसांच्या प्रशिक्षणातील क्रम आहे. रमाबाई नगरात हा क्रम उलटा झाला. आधी गोळ्या झाडल्या गेल्या. लाठ्या आणि अश्रुधूर त्याच दिवशी नंतर आले.

पोलिसांची बाजू अशी होती की, महामार्गावर ज्वालाग्राही वायूचे टँकर अडकून पडले होते, जमाव ते पेटवण्याच्या बेतात होता आणि तसे झाले असते तर भीषण जीवितहानी झाली असती. हा बचाव खरा असता तर गोळीबार समर्थनीय ठरला असता. म्हणूनच पुढच्या सगळ्या चौकशीचा तो केंद्रबिंदू ठरला.

आयोग म्हणजे न्यायालय नव्हे

तत्कालीन शिवसेना-भाजप युती सरकारने न्या. एस. डी. गुंडेवार यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाने १९९८ मध्ये अहवाल दिला. टँकरचा बचाव आयोगाने स्वीकारला नाही. गोळीबार अनावश्यक आणि असमर्थनीय होता, असा स्पष्ट निष्कर्ष काढून आयोगाने त्याची जबाबदारी कदम यांच्यावर टाकली. एवढे झाल्यावर सामान्य वाचकाला वाटेल की, न्याय झाला; आता फक्त शिक्षेची अंमलबजावणी उरली. वास्तविक, खरी अडचण येथूनच सुरू होते.

चौकशी आयोग १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यान्वये नेमले जातात. त्यांचे काम सत्य शोधून सरकारला सांगणे एवढेच आहे. ते कोणालाही शिक्षा देऊ शकत नाहीत. त्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये रामकृष्ण दालमिया खटल्यातच स्पष्ट केले. १९७१ च्या दुरुस्तीनंतर अहवाल आणि त्यावरील कार्यवाहीचे निवेदन सहा महिन्यांच्या आत विधिमंडळात मांडणे आवश्यक झाले; पण 'मांडणे' म्हणजे 'मानणे' नव्हे.

त्याहून महत्त्वाची बाब कलम ६ मध्ये आहे. आयोगापुढे दिलेली साक्ष त्या साक्षीदाराविरुद्ध दिवाणी वा फौजदारी कारवाईत वापरता येत नाही. खोटी साक्ष दिल्याचा खटला तेवढा अपवाद. लोकांनी निर्भयपणे सत्य सांगावे, हा या तरतुदीचा उद्देश रास्तच आहे. परंतु त्याचा परिणाम असा की, आयोगाने वर्षभर खपून जमवलेले सत्य न्यायालयाच्या दारापाशी थांबते. फौजदारी खटल्यात सारे पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावे लागते, तेही पोलिसांनीच केलेल्या तपासाच्या आधारे.

हा अनुभव एकट्या रमाबाई नगराचा नाही. त्याच १९९८ मध्ये न्या. बी. एन. श्रीकृष्ण आयोगाचा १९९२-९३ च्या मुंबई दंगलींवरील अहवाल विधिमंडळात मांडला गेला. या आयोगाने ३१ पोलिसांवर ठपका ठेवला होता. त्यातील सुलेमान उस्मान बेकरीतील गोळीबाराच्या प्रकरणात तत्कालीन सहपोलीस आयुक्त रामदेव त्यागी आणि अन्य काही पोलिसांना सत्र न्यायालयाने २००३ मध्ये आरोपमुक्त केले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. आयोगाचा ठपका एकीकडे आणि न्यायालयाचा निकाल दुसरीकडे, असे चित्र त्यातून दिसले.

बारा वर्षांचा खटला

रमाबाई नगर प्रकरणात खटला चालला, हेच तुलनेने विशेष मानावे लागेल. कारण जमाव पांगवण्यासाठी सद्‌भावनेने केलेल्या कृतीबद्दल सरकारच्या परवानगीखेरीज पोलिसांवर खटला भरता येत नाही. पूर्वीच्या संहितेतील कलम १३२ चे हे संरक्षण नव्या संहितेच्या कलम १५१ मध्येही कायम आहे. ७ मे २००९ रोजी, म्हणजे घटनेनंतर जवळपास १२ वर्षांनी, सत्र न्यायालयाने कदम यांना सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा सुनावली. पण काही दिवसांतच उच्च न्यायालयाने अपील प्रलंबित असेपर्यंत शिक्षा स्थगित करून त्यांना जामीन मंजूर केला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. जबाबदारीची सारी साखळी या प्रकरणात एका उपनिरीक्षकापाशी येऊन थांबली. संवेदनशील वस्तीसमोर, भावनिक उद्रेकाच्या क्षणी, सशस्त्र तुकडी पाठवण्याचा निर्णय कोणाचा होता? जमावाशी बोलू शकेल असा वरिष्ठ अधिकारी त्या पहिल्या तासात कोठे होता? टँकरची कथा सरकारी निवेदनांत कशी शिरली? हे प्रश्न एका माणसाच्या खटल्यात सुटणारे नाहीत. कायद्याने आदेशाचा अधिकार सर्वांत खालच्या अधिकाऱ्याला दिला. त्यामुळे वरच्यांची जबाबदारी आपोआप निसटली.

खाडीपलीकडचे उदाहरण

तपासाची दिशा पहिल्या काही तासांत ठरते, याचे उदाहरण मुंबईच्या उपनगरातच आहे. मढच्या धक्क्यावरून फेरीबोटीने खाडी ओलांडली की वर्सोवा येते. तेथील नाना-नानी पार्कजवळ ११ नोव्हेंबर २००६ रोजी 'लखनभैया' या नावाने ओळखला जाणारा संशयित गुंड चकमकीत ठार झाल्याचे पोलिसांनी जाहीर केले. कुटुंबीयांचे म्हणणे मात्र असे होते की, त्याला त्याच दिवशी नवी मुंबईतून उचलून नेले होते. वकील असलेल्या त्याच्या भावाने त्याच दुपारी वरिष्ठ अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवून ही गोष्ट कळवली होती. मृत्यू जाहीर होण्यापूर्वीच्या वेळेची नोंद असलेले हे कागद पुढे निर्णायक ठरले.

२००९ मध्ये उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश दिला. २०१३ मध्ये १३ पोलिसांसह २१ जण दोषी ठरले. १९ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने पोलिसांची शिक्षा कायम ठेवलीच, शिवाय सत्र न्यायालयाने निर्दोष सोडलेले माजी पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही जन्मठेप सुनावली. त्याविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयात गेले. चकमक आणि जमावावरील गोळीबार यांत फरक आहे, हे खरे. तथापि, दोन्हींतून निघणारा धडा एकच आहे. ज्यांच्यावर आरोप आहे त्यांच्या हातून तपास काढून घेतला आणि वेळेची नोंद असलेला स्वतंत्र पुरावा हाती असला, तरच खटला तग धरतो. मात्र प्रत्येक मृताच्या घरात वकील भाऊ नसतो. जे काम एका जागरूक नातेवाइकाने केले, ते करण्याची जबाबदारी व्यवस्थेची असायला हवी.

मार्गदर्शक तत्त्वे आहेत, पण...

या दिशेने काही पावले निश्चितच पडली. रमाबाई नगरच्या घटनेच्या जेमतेम साडेतीन महिने आधी, मार्च १९९७ मध्ये, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष न्या. एम. एन. वेंकटचलय्या यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र पाठवून, चकमकीतील मृत्यूंचा तपास संबंधित पोलीस ठाण्याकडे न ठेवता स्वतंत्र यंत्रणेकडे द्यावा, असे सुचवले होते. मुंबईतील चकमकींविरुद्ध दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी १६ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. गुन्हा नोंदवणे, राज्य गुन्हे अन्वेषण विभाग किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाकडून वरिष्ठांच्या देखरेखीखाली तपास, शस्त्रे न्यायवैद्यक तपासणीसाठी जमा करणे, पोलीस गोळीबारातील प्रत्येक मृत्यूची दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी आणि संशय दूर होईपर्यंत शौर्यपदक वा बढती न देणे, असे त्यांचे स्वरूप आहे. २००६ च्या प्रकाश सिंग निकालानुसार महाराष्ट्रातही २०१४ च्या कायदा दुरुस्तीद्वारे पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद झाली.

पण कागद आणि प्रत्यक्ष यांतील अंतर अजून मिटलेले नाही. बदलापूर अत्याचार प्रकरणातील आरोपी सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांच्या गोळीने ठार झाला. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांवर ठपका ठेवला गेला. तरीही पुढील तपासासाठी एप्रिल २०२५ मध्ये उच्च न्यायालयालाच विशेष पथक नेमण्याचा आदेश द्यावा लागला. नियम असूनही दर वेळी न्यायालयाचे दार ठोठवावे लागत असेल, तर तो नियम रुजला असे म्हणता येणार नाही.

उशिरा आलेले सत्य

विलंबाची किंमत काय असते, हे उत्तर आयर्लंडमधील डेरीच्या उदाहरणावरून कळते. ३० जानेवारी १९७२ रोजी तेथील नागरी हक्क मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी केलेल्या गोळीबारात त्या दिवशी १३ जण मृत्युमुखी पडले. घाईने झालेल्या पहिल्या चौकशीने सैनिकांना बव्हंशी दोषमुक्त केले. १९९८ मध्ये नव्याने नेमलेल्या सॅव्हिल आयोगाने २०१० मध्ये गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी पार्लमेंटमध्ये माफी मागितली. पण एका माजी सैनिकावरील खटला उभा राहिला तेव्हा अर्धे शतक उलटून गेले होते आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पुराव्याअभावी तो निर्दोष सुटला. सत्य सांगितले गेले, माफीही मागितली गेली. मात्र शिक्षा देण्याची वेळ निघून गेली होती.

म्हणूनच रमाबाई नगरापासून घेण्याचा धडा 'आणखी एक आयोग' हा नाही. जमावावरील गोळीबारात मृत्यू झाला की, त्याच दिवशी तपास स्थानिक पोलिसांकडून आपोआप काढून घेतला जावा. झाडलेल्या प्रत्येक गोळीचा, दिलेल्या प्रत्येक आदेशाचा आणि बिनतारी संदेशांचा वेळेसह हिशेब सुरक्षित केला जावा. आदेश देणाऱ्याबरोबरच तुकडी पाठवणाऱ्याचीही उलटतपासणी व्हावी. आणि खटल्याच्या परवानगीचा निर्णय ठरावीक मुदतीत, कारणांसह जाहीर व्हावा. यांतील एकही गोष्ट पोलिसांच्या विरोधातील नाही. प्रामाणिक अधिकाऱ्याने खरोखर जीव वाचवण्यासाठी गोळी झाडली असेल, तर हाच पुरावा त्याचेही रक्षण करील.

हुतात्मा चौक असलेल्या या शहराला गोळीबाराचा अर्थ नव्याने शिकवण्याची गरज नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळ्या झेललेल्यांचे स्मारक आपण शहराच्या मध्यभागी उभारले. रमाबाई नगरातील दहा जणांचे स्मरण मात्र महामार्गालगतच्या त्या वस्तीतच प्रामुख्याने होते. स्मारके उभारणे हे समाजाचे काम आहे. पण उत्तर देणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि एकाच्या आड दुसऱ्याला लपता येणार नाही.