दोन तिकिटांत चौघांची रत्नागिरी. पण निघण्याआधी तिथी बघा

रत्नागिरी : सुट्टी लागली की पोरं "समुद्रावर कधी जायचं?" म्हणून मागे लागतात. लांजा, राजापूर, संगमेश्वरकडच्या वाड्यांतून सकाळी एसटी पकडली तर रत्नागिरी शहर बघून रात्रीपर्यंत घरी येता येतं. खर्चही आवाक्यातला आहे. सांभाळायची एकच गोष्ट, ती म्हणजे पाण्याची वेळ.

तिकिटाचा हिशोब

एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पाच वर्षांच्या आतलं मूल फुकट, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट. म्हणजे आई, बाबा, सात वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी असे चौघे निघाले तर पैसे दोनच पूर्ण तिकिटांचे. आजी-आजोबा पंच्याहत्तरीच्या पुढचे असतील तर त्यांना प्रवास मोफत आहे, फक्त वयाचं ओळखपत्र सोबत हवं. भाकरी-भाजी आणि पाणी घरूनच घ्यावं.

सकाळी किल्ला, दुपारी सावली

ऊन चढायच्या आत रत्नदुर्ग गाठावा. किल्ल्यावर भगवती देवीचं मंदिर आहे आणि तटावरून मिरकरवाडा बंदरातल्या होड्या दिसतात. तटाला काही ठिकाणी कठडा नाही, पोरांचा हात सोडू नये. खाली उतरलं की पेठकिल्ल्याला कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. तिथलं मत्स्यालय आणि देवमाशाचा भलामोठा सांगाडा बघताना लहान पोरांचं भान हरपतं.

भर दुपारी थिबा राजवाडा बरा. ब्रह्मदेशचा राजा थिबा याचं राज्य १८८५ साली इंग्रजांनी घेतलं आणि त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा त्याच्यासाठी १९१० च्या सुमारास बांधला. १९१६ मध्ये राजा इथेच वारला. आत संग्रहालय आहे. सरकारी संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात, म्हणून सोमवार टाळावा. जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि पूल दिसतो.

संध्याकाळी मांडवी किंवा भाट्ये. मांडवीची वाळू काळपट आहे, कारण तिच्यात इल्मेनाइट नावाचं जड खनिज आहे. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक नेऊन सुक्या वाळूत फिरवलं तर बारीक काळे कण चिकटतात. पोरांना हा खेळ तासभर पुरतो आणि तो पाण्यापासून लांब होतो.

भरतीचा हिशोब कॅलेंडरवर

खाडीकाठच्या जुन्या माणसांचा साधा नियम आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. यात तासभर मागेपुढे होतं, पण अंदाज येतो.

म्हणजे अष्टमीला संध्याकाळी पाच वाजता पाणी वर चढत असतं. पोरं बसलेली जागा बघता बघता पाण्याखाली जाते. पौर्णिमा-अमावास्येला त्याच वेळेला ओहोटी असते, किनारा रुंद दिसतो आणि मोह होतो. पण ते दिवस उधाणाचे. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि ओढही जास्त असते.

कोकणच्या किनाऱ्यांवर दरवर्षी माणसं बुडतात. त्यात पोहता येणारेही असतात, कारण लाटांनी आणलेलं पाणी एखाद्या पट्ट्यातून जोरात परत जातं. तो पट्टा ओळखायची खूण अशी : दोन्ही बाजूंना लाटा फुटतात आणि मधेच पाणी शांत, गढूळ दिसतं. लोकांना तीच जागा पोरांसाठी बरी वाटते, आणि धोका तिथेच असतो. कोणी ओढलं गेलं तर थेट किनाऱ्याकडे झुंजू नये, किनाऱ्याला समांतर जाऊन मग बाहेर यावं. काठावरच्यांनी मागोमाग उडी न मारता दोर किंवा रिकामा डबा फेकावा आणि ११२ ला फोन करावा.

लहान पोरांसाठी नियम एकच ठेवावा : पाणी घोट्यापर्यंत आणि मोठ्या माणसाचा हात धरलेला. मोबाइलवर फोटो काढणारा माणूस पोरांवर लक्ष ठेवणारा नसावा. पावसाळ्यात तर पाण्याला पायही लावू नये, मांडवीच्या जेटीवरून लाटा बघाव्यात.

परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळी उतरल्यावरच स्टँडवर विचारून घ्यावी. ती चुकली तर वाचवलेले सगळे पैसे रिक्षात जातात.